धोंडप्पा मास्तरांचा ओवा

तळहिप्परग्यात कुणाचं बरं झालं की धोंडप्पा मास्तरांच्या पोटात दुखायचं. नुसतं म्हणायला नव्हे, खरोखरच दुखायचं. शेजारच्यांची म्हैस व्याली आणि पारडी झाली, दुखलं. उदगीरच्या पेठेत चुलतभावाच्या कापड दुकानावर नवी पाटी चढली, दुखलं. बेंबीच्या जरा वर, डाव्या अंगाला. मग दानम्मा, म्हणजे मास्तरांची बायको, एक अक्षर न बोलता फळीवरची डबी काढायची, चिमूटभर ओवा तळहातावर चोळायची, त्यात मिठाचा खडा टाकायची आणि हात पुढं करायची. मास्तर ओवा तोंडात टाकायचे, वर ऊन पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "वांगं बाधलं बघ."

"हाव," दानम्मा म्हणायची. घरात आठवडाभर वांगं शिजलेलं नसलं तरी म्हणायची.

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. निजामाच्या राज्यात त्यांचं स्वतःचं शिक्षण उर्दूतून झालेलं. इंग्रजी त्यांनी पुढं एका म्हाताऱ्या स्टेशनमास्तरांच्या पाया पडून मिळवलं होतं, त्यामुळं ते त्यांना फार जपावंसं वाटे. पुस्तकात धडे पुष्कळ, पण मास्तरांचे लाडके दोनच. एक अनेकवचनाचा: बॉय बॉइज, पॉट पॉट्स, आणि मग ते नाठाळ शब्द, ज्यांना एस लावला तर चालत नाही, मॅनचं मेन होतं, ऑक्सचं ऑक्सन होतं. आणि दुसरा धडा मला, त्याला, तिला, आम्हाला, त्यांना यांचा: मी, हिम, हर, अस, देम. बाकीचे धडे मास्तर घाईत उरकायचे. हे दोन मात्र दिवाळीला सुरू व्हायचे ते संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत पुरायचे. पोरं पाठ करून करून पेंगायची, मास्तर थकायचे नाहीत. एकदा नांदेडच्या शिबिरात त्यांनी देमचा पाठ घेतला तेव्हा एक साहेब मागच्या खुर्चीवरून "वाः" म्हणाले होते. तो "वाः" मास्तरांनी गावात इतक्या जणांना सांगितला होता की झिजून त्याचा नुसता "व" उरला होता.

तर अशा या मास्तरांच्या सुखाच्या संसारात माशी शिंकली ती दुष्काळामुळं.

ज्या वर्षी उस्मानाबादेतून वेगळं निघून लातूर जिल्हा झालं, त्याच वर्षी पावसानंही गावाशी वाटणी करून घेतली. तिकडं लातूरला कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, इकडं विहिरी तळाला गेल्या. जिल्हा झाल्याचे पेढे गावात वाटले, पण पेढा खाऊन वर प्यायला पाणी जपून घ्यावं लागत होतं. उन्हं तापली तसा टँकर सुरू झाला. टँकर यायचा मठाच्या अंगणात, आणि यायचा दुपारी. कुठली दुपार, ते मात्र टँकरवाल्याच्या मर्जीवर. त्यामुळं जेवणं उरकली की गावातल्या बाया घागरी रांगेला लावून लिंबाच्या सावलीत बसायच्या आणि वाट बघता बघता भांडायच्या.

"हिला काल दोन घागरी, मला एक कामून?"

"तुझं घर दोघांचं, माझं सात जनांचं. मला नको व्हय?"

"त्यांना कवाबी पयले देतो गं त्यो! त्यांचं काय सोनं लागलंय?"

रोज हेच. त्याच रांगेत, हातात स्वतःची घागर घेऊन, तुळजाबाई उभ्या असत. तुळजाबाई शाळेत खालच्या वर्गांना शिकवायला नायगावहून बदलून आलेल्या. चाळिशीच्या अलीकडच्या, आवाज खणखणीत, हसल्या की पलीकडच्या आळीत कळायचं. हिवाळ्यात त्यांनी बायांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला होता, तो पाण्याच्या धावपळीत मोडला होता. एके दिवशी भांडण अगदी झिंज्यांवर आलं, तेव्हा बाई घागर खाली ठेवून म्हणाल्या, "अगं बायांनो, भांडायचंच हाय ना? मग इंग्रजीत भांडा. जिल्हा झालाय आता!"

बाया हसल्या, आणि हसता हसता शिकायला लागल्या.

मास्तरांना याची खबर नव्हती. शाळेत बाईंशी त्यांचं जेमतेम "नमस्कार" इतकंच. लहान पोरं बाईंच्या पदराला धरून घरापर्यंत जातात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि त्या संध्याकाळी ओवा खाल्ला होता, एवढाच काय तो संबंध. पण एका सकाळी मास्तर दाढीला बसलेले, आणि दानम्मा उतरंडीपाशी रिकाम्या घागरी पुसत होती. एक पुसून खाली ठेवली.

"पॉट," ती स्वतःशीच म्हणाली. दुसरी तिच्याशेजारी ठेवली. "पॉट्स."

मास्तरांच्या गालावर वस्तरा थांबला.

"काय म्हनलीस?"

"कुठं काय."

"आत्ता काय म्हनलीस तू?"

"पॉट्स म्हनले. घागरी. एकीला पॉट म्हंतेत, लई असल्या की पॉट्स."

"ते मला ठाऊक हाय!" मास्तर ओरडले. "तुला कोन शिकविलं?"

"बाईंनी."

"कोन्त्या बाईंनी?"

"गावात बाई म्हनल्यावर दुसरी कोन हाय?" दानम्मानं तिसरी घागर उचलली. "रांगेत शिकवायल्यात. केवळाबाईला तर पन्नासपोतर मोजता येतंय."

मास्तरांनी अर्धी दाढी तशीच ठेवली. "अगं, ह्या घरात तीस वर्षं इंग्रजीचा मास्तर बसलाय. मला कामून न्हाई विचारलीस?"

दानम्मा घागर पुसत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तुमी तरी कवा इचारलाव का, शिकतीस का म्हनून?"

मास्तरांनी वस्तरा खाली ठेवला. ते पोटावर हात ठेवून उठले. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच दानम्माची डबी निघाली होती.

"वांगं बाधलं?" तिनंच विचारलं.

त्या दिवसापासून मास्तर एकदम धार्मिक झाले. शाळा उन्हाळ्याची सकाळची, त्यामुळं दुपार मोकळी. टँकरच्या वेळेला विभूती लावून ते मठात हजर. मठाची देखभाल करणारे महादेवप्पा दोन दिवस बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

"शरणार्थ, मास्तर. आज सोमवार न्हाई, श्रावण न्हाई. महादेवाकडं काय काम काढलाव?"

"दर्शनाला आलो."

"दर्शन आत हाय. तुमी खांबाआड उभारून अंगनाकडं तोंड करून राहिलाव!"

"उन्हाची तिरीप येते डोळ्यावर," मास्तर म्हणाले, आणि खांबाला आणखी चिकटले.

त्या दिवशी अंगणात त्यांचाच धडा चालू होता. त्यांचा स्वतःचा! मी, हिम, हर, अस, देम. तुळजाबाईंनी एक तांब्या घेतला होता आणि तो रांगेत फिरत होता. ज्या बाईच्या हाती तांब्या, तिनं तो कुणाला द्यायचा ते दुसरीनं इंग्रजीत सांगायचं.

"इंग्रजाचं मी म्हणजे मला," बाई सांगत होत्या. "गिव्ह मी, मला द्या."

"मंग बराबर हाय की," केवळाबाई म्हणाली. ही केवळाबाई म्हणजे गावातली सगळ्यात तिखट जीभ. "मानूस मी म्हनला की त्याला कायतरी पायजेच असतंय."

अंगण हसलं. खांबाआड मास्तर मात्र हसले नाहीत. तीस वर्षांत एकाही पोरानं त्यांच्या वर्गात असं काही म्हटलं नव्हतं.

"आता हिम," बाई म्हणाल्या. "हिम म्हणजे त्याला. समजा तुमच्या मालकांना तांब्या द्यायचाय..."

"अगाई! मालकाला येकटं हिम म्हनायचं? त्यांना देम म्हनू की. जरा मान ऱ्हाईल," एक म्हातारी म्हणाली.

"देम म्हणालात ना मावशी, तर इंग्रजाला वाटेल तुम्हाला दोन-चार मालक हायत!"

मग जो हशा उठला त्यानं लिंबावरचे कावळे उडाले. पण धडा बायांना असा पटला की तांब्या थांबेना. गिव्ह हर, गिव्ह अस, गिव्ह देम. जो धडा मास्तरांच्या पोरांना संक्रांतीपर्यंत पुरायचा, तो या बायांनी टँकर यायच्या आत संपवला. आणि यात नवल तरी काय? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं नाही. लग्न झाल्यापासून ज्यांचा सगळा संसार "ह्यांना वाढा", "त्यांना बोलवा", "मोठ्यांना सांगा" यावर चाललाय, त्यांना हिम आणि देम काय जड जाणार!

शेवटी तांब्या दानम्माच्या हातात आला. बाईंनी भराभर विचारलं, दानम्मानं भराभर सांगितलं. एकदासुद्धा अडली नाही. घरात "हाव" आणि "न्हाई" यापलीकडं न जाणारी बाई, पदर खोचून, मान वर करून बोलत होती.

आणि तुळजाबाई म्हणाल्या, "वाः, दानम्माक्का! वाः!"

दोनदा म्हणाल्या. नांदेडच्या साहेबांनी एकदाच म्हटलं होतं. मास्तरांनी खांब सोडून पोट धरलं.

त्यानंतर मास्तरांना घर गोड लागेना. दानम्मा भाकरी थापताना गुणगुणायची, झाडताना गुणगुणायची. मास्तरांनी मुद्दाम तिच्या समोर बसून मोठ्यानं इंग्रजी पुस्तक वाचून पाहिलं. ती म्हणाली, "जरा पाय उचला, झाडायचं हाय." त्यांनी उदारपणे सुचवलं, "काही अडलं तर विचार." ती म्हणाली, "बाई हायत की." हे "बाई हायत की" मास्तरांना विंचवासारखं डसलं. पारडीचं दुखणं एका ओव्यात जायचं. हे जाईना. बायको आपली, धडा आपला, आणि "वाः" म्हणणारी भलतीच!

इतक्यात बातमी आली. नव्या जिल्ह्याच्या प्रौढ शिक्षणाच्या अधिकारी बाई गावात येणार होत्या. कुणीतरी लातूरला सांगितलं होतं की तळहिप्परग्याला टँकरच्या रांगेत बायांची शाळा भरते. वर्ग पसंत पडला तर मंजुरी मिळणार, पाट्या मिळणार, पाऊस पडून टँकर गेला तरी वर्ग चालू राहणार. पसंत नाही पडला तर टँकर गेला की वर्गही गेला.

गावाला आनंद झाला. मास्तरांनाही झाला, पण वेगळा. वर्ग मोडला, तर दानम्माला इंग्रजीसाठी कुणाकडं यावं लागेल? त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तुळजाबाईंना शाळेतच गाठलं.

"बाई, परीक्षा इंग्रजीची हाय. इंग्रजीच्या मास्तरानं घेतली तर साहेबांवर छाप पडंल."

तुळजाबाईंचा चेहरा फुलला. "सर, मी हेच विचारणार होते, पण धीर होत नव्हता. तुमच्या देमच्या पाठाबद्दल मी नायगावलासुद्धा ऐकलं होतं."

मास्तर क्षणभर घुटमळले. नायगावपर्यंत गेलाय म्हणजे! पण बेत ठरला होता, आणि ठरलेला बेत मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

परीक्षेच्या दुपारी मठाचं अंगण भरलं. बाया रांगेनं, पुढ्यात घासूनपुसून लखलखीत घागरी. कडेला गावातले पुरुष. लातूरहून आलेल्या अधिकारी बाई खुर्चीवर. टँकर त्या दिवशी कधी नव्हे तो लवकर येऊन कोपऱ्यात उभा होता, आणि टँकरवाला वर बसून फुकटचा तमाशा बघत होता. मास्तरांनी नांदेडला शिवलेला कोट घातला होता. त्या उन्हात कोट! महादेवप्पा म्हणालेसुद्धा, "मास्तर, आतून उकडायलंय का बाहेरून?"

अनेकवचनं झाली. पॉट पॉट्स, काऊ काउज, कुणी अडलं नाही. अधिकारी बाई मान डोलावत होत्या. मग मास्तर पुढं झाले.

"आता सर्वनाम," ते म्हणाले. "सर्वनाम म्हणजे नामाच्या जागी येणारं. तवा आधी नाम पायजे. नावच न्हाई तर हिम कुनाला म्हनायचं? प्रत्येकीनं आधी आपल्या मालकाचं नाव घेऊन वाक्य सांगावं, मग त्याच्या जागी हिम घालावं. केवळाबाई, तुमी."

अंगण चिडीचूप झालं. केवळाबाईची तिखट जीभ पहिल्यांदाच टाळूला चिकटली. तिनं पदर ओढला. मास्तर दुसरीकडं वळले. तिनं घागरीत तोंड घातलं. तिसरी हसली आणि रडकुंडीला आली. कडेला ज्यांचे त्यांचे मालक उभे, समोर दीर-सासरे, आणि नाव कसं घ्यायचं?

तुळजाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, दुसरं एखादं नाव चालेल की."

"कामून?" मास्तर अधिकारी बाईंकडं वळून, मोठ्या कळवळ्यानं म्हणाले. "साहेब, आता नवा जिल्हा हाय. दवाखान्यात गेलं, नवऱ्याचं नाव सांगा. बँकेत गेलं, नवऱ्याचं नाव सांगा. ह्या बाया तिथं मुक्या उभ्या राहत्यात. शिकून नाव घेता येईना तर उपयोग काय, सांगा?"

बेत पोटदुखीतून निघालेला, पण बोलणं खोटं नव्हतं. अधिकारी बाई विचारात पडल्या. लातूरच्या कचेरीत रोज हाच प्रकार त्या बघत असणार. "मास्तर म्हणतात ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "घेईल का कुणी?"

कुणी उठेना. तुळजाबाईंचं तोंड उतरलं. मास्तरांच्या पोटाला कितीतरी दिवसांनी थंडावा वाटला.

आणि दानम्मा उठली.

मास्तरांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. सापळा लावणाऱ्यानं निदान आपल्या घरचं माणूस कुठं बसलंय ते बघावं! दानम्मानं पदर सारखा केला, मास्तरांकडं एकदा पाहिलं आणि अधिकारी बाईंना म्हणाली, "मी घेती. पन हे बाप्ये बाहीर जाऊ द्या."

"बरोबर!" अधिकारी बाई म्हणाल्या. "चला, सगळे पुरुष बाहेर. मास्तर, तुम्हीही."

"मी? मी परीक्षक हाय."

"तुम्ही मालकही आहात ना?"

बाया फिसकल्या. मास्तर कोटासकट बाहेर पडले. मठाची भिंत हातभर रुंद, जुन्या दगडांची. मास्तरांनी कान लावून पाहिला, दगड तेवढा गरम लागला. आत थोडा वेळ काहीच नाही. मग असा हशा फुटला की घागरी कलंडल्याचा आवाज आला. मग टाळ्या. मग पुन्हा हशा. शेवटी अधिकारी बाई डोळे पुसत बाहेर आल्या, मास्तरांकडं नीट पाहिलं, आणि "मंजूर" एवढं म्हणून जीपमध्ये बसून निघून गेल्या. जीप वळणावर गेली तरी त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवसापासून गावाला काय झालं ते मास्तरांना उमजेना. ते आळीतून चालले की बाया तोंडाला पदर लावायच्या. आणि जी ती ओवा द्यायला उठली.

केवळाबाईच्या दारावरून गेले. "मास्तर, या की. ओवा देऊ?"

"ओवा? कशाला?"

"न्हाई, असंच. भाजलेला हाय."

पुढच्या वळणावर ती म्हातारी. "मास्तर, माज्याकडं बाळंतिनीचा ओवा हाय, लई चांगला."

मास्तर चक्रावले. नाव घेतलं म्हणे. दानम्मानं नाव घेतलं, उखाण्यात घेतलं, इतकं त्यांना कळलं होतं. लग्नात एकदा तिनं घेतलं होतं, पण तेव्हा वाजंत्री जोरात होती आणि त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर आयुष्य "अवं" आणि "ऐकलं का" यावर गेलं. आता गावातल्या झाडून साऱ्या बायांनी ते नाव दानम्माच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ज्याचं नाव, तो भिंतीबाहेर! मास्तरांना केवळाबाईचा हेवा वाटला. म्हातारीचा वाटला. अंगणातल्या लिंबाचासुद्धा वाटला.

त्यांनी तुळजाबाईंना विचारलं. विचारताना जीभ चावल्यासारखं झालं, पण विचारलं. बाई म्हणाल्या, "वर्गातलं बाहेर सांगत नसतो, सर. वर्गात या."

आणि कहर म्हणजे टँकरवाला. मास्तर रस्त्यानं चाललेले, तर त्यानं गाडी हळू केली आणि खिडकीतून डोकं काढलं.

"क्या बात है मास्तर! भाभींनी काय झकास नाव घेतलं तुमचं."

मास्तर जागच्या जागी थिजले. "तू? तू कुठं होतास?"

"टँकरवर. मला कुनी बाहीर जा म्हनलंच न्हाई!"

"काय म्हनली ती?"

"ते न्हाई सांगता येनार. भाभींनी कसम घातलीय." आणि तो धूळ उडवत गेला.

परका माणूस! ड्रायव्हर! त्यानं ऐकलं! मास्तर तसेच घरी आले, भिंतीला टेकले, आणि पोट धरून बसले. दानम्मा तांदूळ निवडत होती. डबी निघेना.

"वांगं बाधलं," मास्तर बऱ्याच वेळानं म्हणाले.

"वांगं केलंच नव्हतं," दानम्मा म्हणाली.

तीस वर्षांत हे असं प्रथमच झालं. मास्तरांनी मान खाली घातली. "ओवा?"

"डबी फळीवरच हाय. बसल्या जागी हातात येनार न्हाई."

दानम्मानं सुपातला एक खडा काढून टाकला. मग मास्तर जमिनीकडं बघत म्हणाले, "काय म्हनली होतीस गं त्या दिवशी?"

"कवा?"

"साऱ्या गावाला ठाऊक हाय. त्या टँकरवाल्याला ठाऊक हाय. मला तेवढं न्हाई."

दानम्मानं सूप बाजूला ठेवलं. तिला हसू येत होतं, पण तिनं ते दाबलं. "बाई म्हनल्या, एस न लागनारे शब्द धोंड... मास्तरांकडून शिका. माझ्यापेक्षा त्यांचं पक्कं हाय. रांगेतल्या साऱ्याजनी थांबल्यात तुमच्यासाठी. मी मंजुरीच्या दिवसापासून वाट बघायली, तुमी इचारता का म्हनून."

मास्तरांनी वर पाहिलं. "बाई असं म्हनल्या? पक्कं म्हनल्या?"

"हाव."

"वाः म्हनल्या का?"

"ते शिकवल्यावर म्हंतील. उखाना बी तिथंच ऐकायला मिळंल, फी म्हनून."

दुसऱ्या दिवशी दुपारी गावानं कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. धोंडप्पा मास्तर, कोट न घालता, डोक्यावर टॉवेल, हातात घागर, बायांच्या रांगेत शेवटच्या जागी. महादेवप्पा मठाच्या पायरीवरून म्हणाले, "मास्तर, आज खांब मोकळाच की!"

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुळजाबाईंनी उठून त्यांना लिंबाखालची आपली जागा दिली, आणि स्वतः केवळाबाईशेजारी मांडी घालून बसल्या. मास्तर सुरुवातीला शाळेतल्यासारखे बोलायला लागले. मग कुणीतरी विचारलं, "मास्तर, बैलाला एस कामून न्हाई लागत? तो काय माजलाय का?" आणि मास्तरांना उत्तर द्यायच्या आधी हसू आलं. ऑक्स ऑक्सन, मॅन मेन, वूमन विमेन, चाइल्ड चिल्ड्रन. बाया मागून म्हणत होत्या, दानम्मा सगळ्यांच्या आधी म्हणत होती. मास्तर शिकवता शिकवता तिच्याकडं चोरून बघत होते. घरी गेल्यावर तिच्या या हुशारीपायी त्यांना ओवा लागणार नव्हता.

टँकर आला. वर तोच दात काढणारा ड्रायव्हर. बायांनी घागरी उचलल्या, पण रांग जागची हलेना.

"आधी मास्तरांची फी द्या गं," केवळाबाई म्हणाली.

दानम्मा लाजून मागं सरकली. "एकदा घेतलंय. पुन्ना न्हाई."

"तू नको घेऊस. आम्ही घेतो. आमचा काय मालक हाय का त्यो, लाजायला?"

आणि सगळ्या बाया एका सुरात, घागरींवर ठेका धरून म्हणाल्या:

"रांगेत पॉट, रांगेत पॉट्स, पॉट्सच्या चालल्या गप्पा,
गिव्ह हिम पानी, गिव्ह हिम ओवा, पोट धरून बसले..."

इथं सगळ्या थांबल्या. ठेकाही थांबला. नाव कुणीच घेतलं नाही, सगळ्या दानम्माकडं बघत राहिल्या.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हणजे तिला ठाऊक होतं! पारडीचं, पाटीचं, लहान पोरांचं, साऱ्याचं दुखणं, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ती "हाव, वांगं बाधलं" म्हणत राहिली होती. आणि आता गावालाही ठाऊक होतं. दुसरं काही असतं तर मास्तर घागर टाकून निघून गेले असते. पण ते हलले नाहीत. ते नावासाठी थांबले होते.

दानम्मानं पदर दातात धरला, सोडला, आणि लिंबाकडं बघत म्हणाली, "धोंडप्पा."

हळूच म्हणाली, पण यावेळी मध्ये भिंत नव्हती आणि वाजंत्रीही नव्हती. मास्तरांनी ते पुरं ऐकलं.

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी टाळी वरून, टँकरवरून पडली. "दुसऱ्यांदा ऐकलं मी!" ड्रायव्हर ओरडला. "मास्तर, तुमचं एकदाच!"

पुढं पाऊस पडला, टँकर बंद झाला, वर्ग मठाच्या पडवीत गेला, आणि आठवड्यातून एक दिवस मास्तर तिथं शिकवू लागले. तुळजाबाईंचा "वाः" त्यांना मिळाला, तोही त्यांनी गावभर सांगितला. पण टँकरवाल्याचं नाव निघालं की म्हातारपणीसुद्धा त्यांचा हात डाव्या कुशीकडं जायचा. मग ते मुकाट्यानं उठायचे आणि फळीवरची डबी स्वतः काढायचे.